अर्धी शेपटी

एका जंगलात एक वाघ होता. जंगल म्हटलं की वाघ आलाच, त्यात नवीन काय सांगितलं, असं ज्याला वाटत असेल त्यानं आत्ताच उठावं आणि बाहेर जाऊन गोट्या खेळाव्यात. बाकीच्यांनी मांडी घालून बसा. नाकातली बोटं काढा.

वाघाचं नाव पट्टेराव. डरकाळी फोडली की झाडावरचं कच्चं फळ गळून पडायचं. पण एका उन्हाळ्यात त्याच्या मागच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. खऱ्या मुंग्या नव्हेत रे. पाय झोपतो तेव्हा येतात तसल्या. मग एका डोळ्यानं अंधूक दिसायला लागलं. हरणाच्या मागे धावायचा आणि झुडपावर झेप घ्यायचा. एकदा तर हरीण समजून वारूळच मिठीत धरलं. तेव्हा मात्र खऱ्या मुंग्या आल्या.

राजवैद्याला बोलावणं गेलं.

राजवैद्य होती घारूमावशी. जातीनं रानमांजर. अंगानं एवढीशी, पण ऐट हत्तिणीची. तिचं एकच पालुपद होतं. "मी वाघाची मावशी. सख्खी! आमचं रक्त एक." कुणी पाणवठ्याची वाट विचारली तरी आधी हे सांगायची, मग वाट.

तिनं पट्टेरावाचे पाय दाबले, डोळ्यांत फुंकर मारली, शेपटी ओढून बघितली आणि म्हणाली, "महाराज, तुमच्या मेंदूपासून पायांपर्यंत दोऱ्या गेलेल्या आहेत. मेंदू म्हणतो धाव. दोरी पायाला सांगते धाव. त्या दोऱ्यांवर एक साल असते, झाडाला असते तशी. ती साल कुणीतरी कुरतडतंय. म्हणून निरोप पायापर्यंत पोचत नाही."

"कोण कुरतडतंय? नाव सांग. आत्ता फाडतो."

"तुमच्याच अंगातले राखणदार, महाराज. बाहेरचा शत्रू आला तर त्याला मारायला ठेवलेले. ते खुळावलेत. आपल्याच दोरीची साल त्यांना शत्रू वाटतेय."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय?"

"अगदी तसंच."

हे ऐकून दरबारातले कोल्हा, तरस आणि अस्वल खाली माना घालून बसले. राज्याच्या कोठारातलं कोण किती खातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण विषय पायांचा आहे हे कळल्यावर त्यांनी माना वर केल्या.

"औषध आहे का?" वाघानं विचारलं.

"आहे असं वाटतं. भुईवेलीच्या मुळ्यांचा काढा."

"मग आण. पितो."

"अगं बाई! असं कसं? उद्या काही झालं तर? आधी बारक्या जनावरावर करून बघायचं असतं, महाराज. शास्त्र आहे ते."

"कुठल्या बारक्या जनावरावर?"

घारूमावशीनं ओठांवरून जीभ फिरवली. "उंदरावर."

शास्त्राला नेहमी उंदीरच का लागतो, हे मांजराला विचारायचं नसतं. वाघानंही विचारलं नाही.

मावशी पुढे म्हणाली, "काढा देऊन नुसतं वरवर बघून चालत नाही. जो बरा होईल त्याचा कणा उघडून बघावा लागतो. साल परत आली का, ते आतच कळतं. आणि जो बरा होणार नाही त्यालाही उघडायचं. का झाला नाही, ते बघायला."

"उघडा!" पट्टेराव गरजला. "ज्यानं ज्यानं हा काढा घेतला त्याला उघडा. उंदीर असो नाहीतर हत्ती. आमच्या राज्यात नियम सगळ्यांना सारखा!"

सगळ्या दरबारानं टाळ्या वाजवल्या. नियम सगळ्यांना सारखा म्हटलं की टाळ्या पडतातच. तो आपल्याला लागेल असं टाळ्या वाजवणाऱ्याला कधी वाटत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा, पोरांनो. पुढे लागणार आहे.

आता त्याच जंगलात, बोराटीच्या मुळाशी, कुरतोबा नावाचा एक उंदीर राहत होता. खाऊनपिऊन सुखी. त्याला जगात दोनच गोष्टींचा अभिमान. एक त्याची बायको चिमाबाई आणि दुसरी त्याची शेपटी. शेपटी म्हणजे नुसती झेंड्याची काठी! चालताना ताठ वर. लग्नसुद्धा शेपटीवरच जमलेलं. चिमाबाईच्या बापानं जावई बघितलाच नव्हता. गवतातून चाललेली शेपटी तेवढी बघितली आणि म्हणाला, "पोरगी दिली."

घारूमावशी बोराटीपाशी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "कुरतोबा, राजसेवेला चल."

"कशाला, मावशी?"

"महाराजांच्या आजारावर औषध शोधायचंय. तुझ्यावर करून बघायचं."

"पण मी तर ठणठणीत आहे."

"म्हणूनच तर! आजारी उंदीर घेऊन काय करू? तो आधीपासून कशानं आजारी, मला काय माहीत? तू चांगला ठणठणीत आहेस. तुला मी माझ्या हातानं आजारी पाडते, मग माझ्याच हातानं बरा करते."

कुरतोबानं विचार केला. "मावशी, आजारी पाडायचं काम गाळलं तर बरं करायचं कामही वाचेल की."

"अडाणी तो अडाणीच," मावशी म्हणाली आणि मानगुटीला धरून घेऊन गेली.

बांबूच्या कामट्यांचा मोठा पिंजरा होता. आत चांगले ढीगभर उंदीर. मावशीनं साळिंदराच्या काट्यानं एकेकाच्या पाठीत कसलासा चिकट लेप टोचला. थोड्याच दिवसांत कुरतोबाची शेपटी लुळी पडली. तीच ती, झेंड्याची काठी! ओल्या सुतळीसारखी मागून फरफटायला लागली. मग मागचे पाय गेले. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत तो दाण्यापर्यंत जायचा आणि दाणा खायच्या आधी रडून घ्यायचा.

शेजारी ठकूआत्या होती. म्हातारी उंदरीण, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "रडतोस काय मेल्या? शेपटीच गेली ना? तोंड तर चालतंय! खा."

मग काढा सुरू झाला. अर्ध्या उंदरांना काढा, अर्ध्यांना नुसतं ओढ्याचं पाणी. असं का, हे एकदा वाघानं विचारलं होतं. मावशी म्हणाली होती, "सगळ्यांना काढा दिला आणि सगळे आपोआप बरे झाले, तर ते काढ्यानं झाले की नशिबानं, कसं ठरवायचं?" हे मात्र ती खरं बोलली होती. लबाड माणूस सगळंच खोटं बोलतो असं समजू नका. तसा बोलला असता तर सोपं झालं असतं.

रोज सकाळी शेपट्या तपासायचं काम बगळेमास्तरांकडे. मास्तर एका पायावर उभे राहायचे, मान लांब करायचे आणि एकेका शेपटीकडे बघून ओरडायचे. त्यांच्याकडे तीनच शब्द होते. "वर", "खाली" आणि "अर्धी". वर म्हणजे बरा झाला. खाली म्हणजे बरा व्हायची आशा संपली. अर्धी म्हणजे काही सांगता येत नाही, अजून बघावं लागेल.

एके सकाळी मास्तर ओरडले, "ठकूआत्या, वर!"

खरंच की! आत्याची शेपटी उभी. पायही हलत होते. आत्या पिंजऱ्यात फुगडी घालायला लागली. उंदरांनी एकच गलका केला. घारूमावशी धावत आली, आत्याच्या गळ्यात रानफुलांची माळ घातली आणि म्हणाली, "चला आत्या. तुम्ही बऱ्या झालात. आता घरी."

जाताना आत्या कुरतोबाला म्हणाली, "बघ रे रडक्या! तुझ्या बायकोला सांगते, नवरा येतोय म्हणून."

मावशी तिला खडकामागे घेऊन गेली. जरा वेळानं एकटीच परत आली. मिशा पुसत होती. मिशीला रानफुलाची एक पाकळी चिकटली होती.

कुरतोबानं विचारलं, "मावशी, आत्या पोचल्या का घरी?"

"पोचल्या, पोचल्या," मावशी म्हणाली आणि तिनं ढेकर दिला.

"आणि कणा?" बगळेमास्तरांनी विचारलं. "बरा होवो न होवो, उघडून बघायचं ठरलंय ना? बघितला?"

"बघितला ना. साल झकास आली होती. बघून झाल्यावर वाया कशाला घालवायचं? अन्न पूर्णब्रह्म."

आणि पोरांनो, नेमकं त्याच वेळी काय व्हावं? त्याच्या शेपटीच्या टोकाशी गुदगुल्या झाल्या. पायाची करंगळी हलली. काढा लागू पडत होता!

ज्या शेपटीसाठी तो रोज रडला, ती परत येत होती. आणि आता ती आली की तो जाणार होता.

दुसऱ्या दिवशी पहाट व्हायच्या आत शेपटी आपोआप वर जायला लागली. तो तिच्यावर बसला. ती बाजूनं निघाली. त्यानं ती पोटाखाली घेतली. तिला सवयच नव्हती हो खाली राहायची! एवढ्यात बगळेमास्तर आले.

"कुरतोबा! वर का रे ती?"

"छे हो मास्तर, वारा आहे."

"वारा कुठाय?"

"तुम्ही उंच. तुमच्या पायाशी काय चाललंय तुम्हाला काय कळणार?"

मास्तरांना हे पटलं. उंच माणसाला तू उंच आहेस म्हटलं की पुढचं सगळं पटतं. पण नुसतं वाऱ्यावर किती दिवस ढकलणार? आणि शेपटी अगदी खाली टाकावी तर आशा संपली म्हणून खडकामागे. वर गेली तरी खडक, खाली गेली तरी खडक. मग कुरतोबानं दात खाल्ले, कंबर आवळली आणि शेपटी मधोमध धरली. ना वर, ना खाली. दमलेल्या गाढवाच्या कानासारखी आडवी.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. "अर्धी," ते म्हणाले आणि पुढे गेले.

त्या दिवशी दुपारी कुरतोबानं सगळ्या उंदरांना जवळ बोलावून कानमंत्र दिला. काढा पिणारे, पाणी पिणारे, सगळ्यांना. दुसऱ्या सकाळी मास्तरांच्या नरड्याला कोरड पडली. "अर्धी. अर्धी. अर्धी. अर्धी."

घारूमावशी दरबारात जाऊन म्हणाली, "महाराज, निकाल मोठा नाजूक आहे. अजून अभ्यास करावा लागेल."

"कर," वाघ म्हणाला.

अभ्यास चालू असेपर्यंत मावशीला राजाच्या शिकारीतला वाटा मिळायचा. बसल्या जागी सशाची तंगडी. त्यामुळे तिलाही घाई नव्हती. उंदीर जिवंत, मावशी लठ्ठ, मास्तर व्यस्त. असा सगळा कारभार सुखानं चालला. फक्त वाघ तेवढा रोज थोडा थोडा लंगडत होता. पण एकाच्या लंगडण्यानं चौघांचं भागत असेल तर चौघं कशाला बोलतील?

शेवटी एक दिवस पट्टेराव ओढा ओलांडताना पाय अडकून पडला. पाण्यातच बसला. काठावरचं एक रानडुक्कर हसलं. वाघाला बघून डुक्कर हसलं! वाघ तसाच निथळत पिंजऱ्यापाशी आला.

"मावशी! बास झाला अभ्यास. औषध लागू पडतं की नाही? हो की नाही, एवढं सांग."

"महाराज, हो म्हणावं तर नाहीसारखं आहे, आणि नाही म्हणावं तर..."

"थोबाड बंद. ए उंदरा! तू सांग. पितोस ना काढा?"

हो म्हणावं तर खडक. नाही म्हणावं तरी खडक. समोर वाघ, बाजूला मांजर. त्यानं डोळे मिटले आणि चिमाबाईचं तोंड आठवलं. मग डोळे उघडले.

"महाराज, मी काय सांगणार? मी पडलो उंदीर. मला लागू पडलं तर ते उंदराला पडलं. तुमचं रक्त वाघाचं. हत्तीचा जोडा मुंगीला घालून बघतात का कुणी? तुमच्याच रक्ताचं कुणीतरी पाहिजे होतं. अंगानं बारकं, पण रक्तानं तुमचं. सख्खं."

वाघामागून आलेल्या कोल्ह्यानं हळूच मावशीकडे बघितलं. तरसानं बघितलं. बगळेमास्तरांनी तर सबंध मान वळवली.

वाघ म्हणाला, "मावशी."

"मी? छे छे महाराज! मी कसली सख्खी! लांबची. चुलत. चुलतसुद्धा नव्हे, मानलेली!"

"रोज तर सांगतेस, आमचं रक्त एक."

"ते बोलायला, महाराज! बोलायला म्हणतात तसं!"

"आत जा."

"पण मी तर ठणठणीत आहे!"

"म्हणूनच तर," कुरतोबा पिंजऱ्यातून म्हणाला.

पिंजऱ्याचं दार उघडलं. उंदीर बाहेर, मांजर आत. लेप टोचायला साळिंदर स्वतः आलं. त्याचे काटे इतके दिवस फुकट वापरले होते, त्याचा राग होताच. मावशीला आजारी पाडण्यात आलं. मग काढा सुरू झाला. तपासायला अनुभवी कुणीतरी हवं म्हणून वाघानं कुरतोबालाच बगळेमास्तरांच्या जागी नेमलं. मास्तर दुसरा पाय खाली टेकवून निघून गेले. ओढ्याच्या कडेला बेडूक वेचत बसले आणि म्हणे पहिल्यापेक्षा सुखी झाले.

कुरतोबा रोज सकाळी पिंजऱ्यापुढे उभा राहायचा. मावशीची शेपटी खाली. मागचे पाय फरफटत. मावशीही दाण्यापर्यंत ओढत जायची आणि रडायची. मांजराला दाणे आवडत नाहीत, म्हणून जास्तच रडायची.

मग एक दिवस तिची शेपटी हलली. तिनं झटकन ती मधोमध धरली आणि दीनवाण्या डोळ्यांनी कुरतोबाकडे बघितलं.

"अर्धी म्हण रे बाळा," ती पुटपुटली. "तुझ्या पाया पडते."

कुरतोबा म्हणाला, "मावशी, ठकूआत्या पोचल्या का हो घरी?"

मावशीनं मान खाली घातली. ढेकर आला नाही.

नुसतं "वर" म्हणायचं होतं. एक शब्द. म्हटला असता तर नियमाप्रमाणे मावशीचा कणा उघडला असता, आणि आत्याचा हिशोब चुकता झाला असता. तो शब्द कुरतोबाच्या ओठांपर्यंत आला. पण त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं. मावशी बरी झाली, म्हणजे काढा लागू पडतो हे ठरलं. ते ठरलं की काढा प्यालेल्या सगळ्यांना पुन्हा तपासणार. पहिला नंबर कुणाचा?

"अर्धी!" कुरतोबा मोठ्यानं ओरडला.

तुमच्या पुस्तकातला उंदीर इथं दयेनं द्रवला असता आणि मांजराचे डोळे भरून आले असते. आमचा उंदीर तसला नव्हता. त्यानं स्वतःची कातडी वाचवली, त्यात मावशीची वाचली. बहुतेक दया अशीच होते.

संध्याकाळी कुरतोबा बिळात गेला की चिमाबाई दाराला दगड लावायची आणि म्हणायची, "अहो, आता इथं तरी वर करा की. कोण बघतंय?" मग तो शेपटी हळूहळू वर करायचा. छताला टेकेपर्यंत. चिमाबाई बघत बसायची. सकाळी परत अर्धी करून कामावर.

आता काढ्याचं ऐका. काढ्याचा रांजण पिंजऱ्यापाशी सावलीत ठेवलेला असायचा. मावशीला लागायचा वाटीभर. पण रांजण कधी अर्धा, कधी तळाला गेलेला. कुरतोबाला वाटलं, गळतो. साळिंदराला वाटलं, अस्वल चोरतं. अस्वलाला वाटलं, आपणच झोपेत चोरतो की काय, म्हणून ते कुणाला बोललं नाही.

एका भरदुपारी कुरतोबा पाणी प्यायला ओढ्यावर गेला. समोरच्या काठावर तेच रानडुक्कर लोळत होतं. आणि अचानक झाडीतून पिवळा लोळ उठला. एका उडीत ओढा पार! दुसऱ्या उडीत डुक्कर चीत! चारही पाय असे पडले जसे चार खुंटे ठोकावे. नजर नेमकी निशाण्यावर. आणि शेपटी? शेपटी आभाळात!

पट्टेराव होता.

त्यानं डुकराच्या मानेवरून तोंड उचललं आणि त्याला गवतात उंदीर दिसला. उंदराला वाघ दिसला. दोघंही थिजले.

मग वाघानं हळूच इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एक पाय लंगडा केला. एक डोळा बारीक केला. आणि शेपटी खाली आणायला लागला. जरा जास्तच खाली गेली. घाबरून परत थोडी वर घेतली. मधोमध आणून थांबवली.

नियम सगळ्यांना सारखा. स्वतःच गरजला होता.

"काय बघितलंस?" वाघानं अगदी हळू विचारलं. एवढ्या हळू तो जन्मात बोलला नव्हता.

कुरतोबानं स्वतःची शेपटी तितक्याच उंचीवर आणली. "अर्धी, महाराज."

"नीट बघितलीस ना?"

"नीट. अजून अभ्यास करावा लागेल."

"शाबास," पट्टेराव म्हणाला आणि डुकराची एक तंगडी उंदरासाठी मागे ठेवून लंगडत लंगडत झाडीत गेला. दोनचार पावलं चुकीच्या पायानं लंगडला. कुरतोबानं तिकडे बघितलं नाही.

अजून त्या जंगलात अभ्यास चालू आहे. अजून काही ठरलेलं नाही. बाहेरगावचे पाहुणे येतात आणि म्हणतात, "अरेरे, केवढा हा आजार! राजापासून उंदरापर्यंत सगळ्यांच्या शेपट्या अर्ध्या!"

*

तात्पर्य : बरं जरूर व्हावं, पण कुणाला कळू देऊ नये.